हिवाळी भाज्या घरच्या घरी: तारखा, ऊन, माती, कीड (गच्ची, बाल्कनी, परसबाग)

परसदार | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

पाऊस माघारी निघालाय, तेव्हा यंदाचा धागा सुरू करतोय. आपल्याकडे हिवाळी भाजीला मिळणारा काळ तोकडा असतो. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की सुरू आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपला, फार तर चार महिने. फ्लॉवरचं रोप पंधरा-वीस दिवस उशिरा लागलं तर गड्डा भरायच्या वेळी ऊन तापलेलं असतं. मग कितीही खत घाला, गड्डा पिवळट आणि विस्कटलेलाच निघतो. म्हणून आधी तारखांचं बोलू, खतांचं मागाहून.

खालचा अंदाज पुणे, नाशिक, सातारा, नगर या पट्ट्याचा आहे. मुंबई-कोकणात थंडी उशिरा येते आणि लवकर जाते, तिथे थेट पेरायच्या पालेभाज्या आठ-पंधरा दिवस उशिरा पेरा. विदर्भवाल्यांनी आपलं सांगावं.

रोप करून लावायच्या भाज्या म्हणजे टोमॅटो, वांगी, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली. यांचं बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाकलेलं उत्तम. चुकलं असेल तर या आठवड्यात टाकाच. २५ ते ३० दिवसांत रोप चार-पाच पानांचं होतं, तेव्हा लावायचं. मिरचीला ३५ ते ४० दिवस लागतात.

मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा, गाजर, बीट, वाटाणा थेट पेरायचे. गाजर-मुळ्याचं रोप उपटून दुसरीकडे लावू नका, सोटमूळ दुखावलं की त्याला फाटे फुटतात.

पालेभाज्या आणि मुळा एका दिवशी सगळे पेरू नका. दर १२ ते १५ दिवसांनी एक ट्रे. चार माणसांना मेथीची एक वेळची भाजी व्हायला साधारण ६ ते ७ चौरस फूट जागा लागते. २ × ३ फुटांच्या ट्रेला दोन मोठे चमचे मेथीदाणा (२० ते २५ ग्रॅम) पुरतो. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि २५ ते ३० दिवसांत काढायला तयार होते.

उत्तरायण | ४ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

छान धागा. तारखांच्या जोडीला उन्हाचं लिहितो, कारण पावसाळ्यात भरपूर ऊन मिळणारी जागा डिसेंबरात सावलीत जाते आणि मग दोष मातीला दिला जातो.

२१-२२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. नागपुरात ४५ अंश. म्हणजे गच्चीच्या दक्षिणेकडचा कठडा साडेतीन फुटी असेल, तर त्याची सावली दुपारी बारा वाजता उत्तरेकडे सव्वातीन फुटांपर्यंत पडते. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला चार फुटांच्या वर जाते. मे-जूनमध्ये त्याच कठड्याची दुपारी सावली जवळजवळ नसते, त्यामुळे लोक कुंड्या नेमक्या त्याच्या बुडाशी मांडतात.

उपाय सोपा आहे. दक्षिण कठड्यापासून चार फूट सोडा, किंवा कुंड्या दीड फुटी लोखंडी स्टँडवर चढवा. उरलेल्या दोन फूट कठड्याची दुपारची सावली दोन फुटांच्या आतच संपते. सावलीची पट्टी मोकळी ठेवायची नसेल तर तिथे पुदिना, पालक, कोथिंबीर ठेवा. पालेभाज्यांना ३-४ तास थेट ऊन चालतं. मुळा, गाजर, बीट, नवलकोल यांना किमान पाच आणि टोमॅटो, वांगी, वाटाणा, फ्लॉवरला सहा तास हवेतच.

बाल्कनीवाल्यांना हिवाळ्यात एक फायदा आहे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत उन्हाळ्यात ऊन शिरत नाही, आता ते आतपर्यंत येतं. समोर उंच इमारत नसेल तर तिथे टोमॅटोही होतो. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र नोव्हेंबर ते जानेवारी थेट ऊन येतच नाही. तिथे फळभाजीचा नाद सोडावा हेच बरं.

गच्चीबाग | ४ ऑक्टोबर, रात्री ९:०५

उत्तरायण, हे कुणीतरी लिहायला हवंच होतं. वाचनखूण साठवली.

माझ्याकडून मातीचं. काळी माती कुंडीत एकटी वापरू नका. ओली असताना चिकट, सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं. मुळांना थेंब मिळत नाही आणि बशी मात्र भरलेली दिसते. घमेल्याच्या मापाने सांगायचं तर पोयटा (गाळाची माती) किंवा लाल माती ४, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३, कोकोपीट ३ आणि या दहा घमेल्यांमागे अर्धा किलो निंबोळी पेंड. गाजर-मुळ्यासाठी यातलं एक घमेलं कोकोपीट कमी करून एक घमेलं जाड वाळू घाला आणि खत पूर्ण कुजलेलंच घ्या. खडे आणि अर्धकच्चं शेण या दोन कारणांनी गाजर पायजम्यासारखं दुभंगतं.

कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं पाणी चहासारखं लालसर निघतं. ते फेकून द्या आणि आणखी दोनदा धुवा. स्वस्त विटांमध्ये क्षार जास्त असतात, न धुता वापरलं तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

खोली: पालेभाजीला ६ इंच, बीटला ८, वाटाण्याला १०, गाजर-मुळ्याला १२ ते १४. कोबीला १२ इंची कुंडीत एकच रोप, फ्लॉवर आणि टोमॅटोला १५ इंची ग्रो बॅग. एका १५ × १५ इंची बॅगेत साधारण ४० लिटर मिश्रण बसतं, त्या हिशेबाने माती आणा.

बीमकॉलम | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

मातीचा विषय निघालाय म्हणून वजन. भारतीय मानक ८७५ नुसार वावर असलेल्या गच्चीसाठी धरला जाणारा चल भार (माणसं, सामान यांचं वजन) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. कोकोपीट असलेलं ओलं मिश्रण लिटरला एक किलोच्या आसपास भरतं, नुसती ओली माती त्याहून बरीच जड. आता ९ इंच खोलीचा सलग वाफा बांधला तर चौरस मीटरमागे २३० लिटर, म्हणजे २३० किलो. मर्यादा तिथेच ओलांडली.

कुंड्या आणि बॅगांमध्ये चालायला मोकळी जागा राहते, म्हणून सरासरी भार खाली येतो. जड बॅगा स्लॅबच्या मधोमध न ठेवता तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेवर ठेवा. सलग वाफे करायचेच असतील तर आधी इमारतीचा आराखडा एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आणि कुंड्या थेट फरशीवर टेकवू नका. खाली विटा ठेवल्या की पाणी वाहून जातं, वॉटरप्रूफिंगही टिकतं.

नवी_पालवी | ११ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

कोथिंबिरीचा प्रश्न आहे. किराणा दुकानातले धने तसेच पेरले, अठरा दिवस झाले, दहा-बारा कोंब आलेत फक्त. बी बदलू का?

कोथिंबीरजुडी | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

नवी_पालवी, बी बदलायच्या आधी पेरायची पद्धत बदलून बघा. किराणातले धनेही उगवतात, फक्त वर्षाच्या आतले हवेत. चुरगळून वास घ्या. वास मंद असेल तर ते पेरायच्या कामाचे नाहीत.

अख्खा धना हे फळ आहे, त्यात दोन बिया असतात. मूठभर धने पोळपाटावर पसरा आणि वाटीचं बूड टेकवून हलक्या हाताने गोल फिरवा. दाणा दोन फाकांत सुटल्याचा बारीक आवाज येतो, तिथे थांबा. भुगा झाला की आतला कोंब गेला. या फाका १० ते १२ तास पाण्यात भिजवा, निथळून ओल्या सुती फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवा आणि पांढरं टोक डोकवायच्या आत पेरा.

ट्रेची माती आधी भिजवून वाफसा येऊ द्या, म्हणजे ओल राहील पण चिखल नसेल. तीन-चार इंचांवर बोटाने ओळी पाडा, बी एक ते दीड सेंटीमीटर खोल, वरून चाळलेलं गांडूळखत. मग ओलं गोणपाट झाका. रोज सकाळी गोणपाट उचलून बघायचं. पहिले पिवळे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी ते काढून टाका. एक दिवसही जास्त राहिलं तर रोपं लांबुडकी होतात आणि आडवी पडतात. उगवण ८ ते १५ दिवसांत होते.

न उगवण्याची नेहमीची कारणं दोन. बी दोन इंच खोल गेलेलं असतं, किंवा पहिल्या आठ दिवसांत वरचा अर्धा इंच थर दुपारी कोरडा पडतो. आत्ता ऑक्टोबरच्या उन्हात दुसरं कारण जास्त. सध्या तरी ट्रे सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत ठेवा. धो धो पाणी घालू नका, झारीनेच घाला, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं.

४० दिवसांनी उपटण्याऐवजी दीड-दोन इंच ठेवून कात्रीने कापलीत तर दुसरा तोडा मिळतो. दुसऱ्या तोड्यानंतर पानं दोऱ्यासारखी बारीक व्हायला लागली की ती फुलावर येतेय असं समजायचं. तेव्हा ट्रे मोकळा करा.

परसदार | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

कोथिंबीरजुडी, +१. यात पालक-बिटाची भर घालतो. बिटाचा आणि आपल्या देशी पालकाचा खरखरीत दाणा म्हणजे दोन-चार बियांचा गोळा असतो, म्हणून एका जागी झुबका उगवतो. पालकाला ते चालतं. बिटाला नाही. तिथे दहा-बारा दिवसांनी सर्वांत जोमदार एक रोप ठेवा आणि बाकीची कात्रीने मातीलगत छाटा. उपटलीत तर राहिलेल्याची मुळं हलतात. दोन बिटांमध्ये चार इंच, दोन गाजरांमध्ये दोन इंच. विरळणी करायला जीव होत नाही हे खरं, पण दाट बीट म्हणजे नुसता पाला.

मुळ्याचंही तेच, शिवाय त्याला जास्त नत्र दिलं की पाला माजतो आणि मुळा बोटाएवढाच राहतो. ४५ ते ५५ दिवसांत काढा. वेळ उलटली की आत कापूस होतो.

मांडवीकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री १०:३०

गोवा-कोकणचं वेगळं सांगायला हवं. इथे डिसेंबरातही दिवसा ३० अंशांच्या पुढे पारा असतो, तेव्हा फ्लॉवरच्या उशिराच्या जाती (स्नोबॉल गटातल्या) लावून निराशाच पदरी येते. पुसा दीपालीसारखी लवकर येणारी जात घ्या, किंवा सरळ नवलकोल लावा. नवलकोल कमी थंडीतही भरतो. ५० ते ६० दिवसांत, टेनिसच्या चेंडूएवढा झाला की काढायचा. त्याहून मोठा ठेवला की दोरे येतात.

भात कापल्यावर वायंगणाला (हिवाळी हंगामात) होणारी तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, कुंडीतही मस्त येते. बी खसखशीसारखं, म्हणून चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फोकायचं आणि वरून माती न टाकता हाताने नुसतं दाबायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी लाल झाक दिसते, २५ ते ३० दिवसांत मुळासकट उपटायची.

आमच्या जांभ्या मातीचा एक दोष असा की ती आम्लधर्मी असते. फ्लॉवरची नवी पानं रुंद न होता नुसत्या शिरेसारखी, चाबकासारखी निघाली तर मॉलिब्डेनम मिळत नाहीये असं समजा. आम्ल मातीत ते अडकून बसतं. लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी १५ इंची बॅगेमागे एक-दोन चमचे शेतीचा चुना मिसळून ठेवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

चुलीची_राख | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

चुन्याऐवजी राख का नको? राखेत पालाश (पोटॅश) असतं, मावाही (रस शोषणारे बारीक किडे) पळतो. सगळ्या कुंड्यांना महिन्यातून एकदा मूठभर राख घालायला काय हरकत आहे?

उत्तरायण | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:००

हरकत जागेवर अवलंबून आहे. मांडवीकाठ यांच्या जांभ्या मातीत राख चालेल. देशावर, विशेषतः बोअरचं पाणी घालणाऱ्यांनी मात्र टाळावी. कुंडीच्या बाहेरून पांढरा थर साचत असेल तर पाणी जड आहे, माती आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट, अल्कलीयुक्त) झालेली असते. त्यात राख म्हणजे आणखी विम्लता. मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. खूण अशी: शेंड्याची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. जुनी पानं पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता, तिला शेंगपेंडीचं पाणी. या दोन पिवळेपणांत गल्लत करू नका, औषध अगदी वेगळं आहे.

लोहासाठी चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन सकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा. आणि शक्य असेल तर कुंड्यांना नळाचं पाणी द्या.

मावा राखेने पळतो हे काही अंशी खरं, पण दहिवरानं ओली झालेली राख पानावर थापली जाते आणि ऊन अडवते.

गच्चीबाग | १८ ऑक्टोबर, रात्री ८:४०

खतांबद्दल तिघांचे व्यक्तिगत निरोप आले, इथेच उत्तर देते.

शेंगपेंडीचं पाणी: १०० ग्रॅम पेंड २ लिटर पाण्यात तीन दिवस भिजवायची, रोज ढवळायची, गाळून दहापट पाणी घालायचं. मोठ्या बॅगेला अर्धा लिटर, दर पंधरा दिवसांनी. पाणी न घालता घट्टच ओतलं तर मुळं जळतात, शिवाय वासाने शेजारी वैतागतात.

अमृतजल: श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या (शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाच्या) वाटेने गच्चीवर शेती करणाऱ्यांमध्ये हे रुळलेलं आहे. १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस सावलीत, दिवसातून दोन-तीनदा ढवळायचं. चौथ्या दिवशी एकास दहा पाणी घालून मातीत द्यायचं. थंडी वाढली की आंबायला एखादा दिवस जास्त लागतो.

फ्लॉवर-कोबी हे खादाड गडी आहेत, त्यांना दर पंधरा दिवसांनी हवंच. गाजर, मुळा, वाटाणा यांना लावताना मातीत मिसळलेलं खत पुरे. वाटाणा आपलं नत्र आपणच हवेतून मिळवतो, त्याला पेंडीचं पाणी पाजलं की वेल वाढतो आणि शेंगा रुसतात.

नवी_पालवी | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

कोथिंबीर या वेळी भरभरून उगवली, आभार! आता फ्लॉवर. नर्सरीतून रोपं आणायची आहेत, काय बघून घ्यावीत?

रोपवाटिका | ६ नोव्हेंबर, दुपारी १:३५

नवी_पालवी, मोठं रोप दिसलं की हात तिकडे जातो, ते नका घेऊ. फ्लॉवरचं रोप चार-पाच पानांचं, चार ते सहा इंच उंच, खोड पेन्सिलीहून बारीक आणि हिरवं असावं. ट्रे उलटा करून बघा. मुळं पांढरी हवीत. तपकिरी होऊन खाली वेटोळं घातलेलं असेल, खोड जांभळट आणि कडक झालं असेल तर ते रोप म्हातारं आहे. असं रोप लावल्यावर पंधरा-वीस दिवसांतच बटणाएवढा गड्डा धरतं आणि तिथेच थांबतं. रोपाला भूक लागली, पाणी तुटलं किंवा लवकरची जात उशिरा लावली तरी हेच होतं.

जात विचारून घ्या. आता नोव्हेंबरात लावायला पुसा हिमज्योती किंवा स्नोबॉल गटातलं मागा. लवकरची जात आता नको.

लावणी संध्याकाळी. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोल पुरा, खोडालाही मुळं फुटतात. कोबी-फ्लॉवर पहिल्या पानांपर्यंतच, मधल्या पोंग्यात माती गेली तर गड्डा धरत नाही.

गड्डा लिंबाएवढा झाला की बाहेरची दोन-तीन मोठी पानं वर ओढून सुतळीने सैल बांधा, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो. दर दोन दिवसांनी उकलून आत बघा, अळ्या तिथेच दडतात. बांधल्यापासून आठ-दहा दिवसांत कापायचा. दाणे मोकळे व्हायला लागले की चव गेली. गड्ड्यावर तपकिरी डाग आणि दांडा आतून पोकळ दिसला तर बोरॉन कमी. बोरॅक्स लिटरला एक ग्रॅम, गड्डा धरायच्या आधी एकदाच फवारा. बोरॉन जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात, म्हणून चमच्याने अंदाज न घेता वजन करा.

तिळगूळ | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

भोगीची भाजी घरच्या जिनसांची करायची तर काय कधी पेरावं लागतं, याचा कुणी उलटा हिशेब मांडेल का?

परसदार | ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

भोगी १३ किंवा १४ जानेवारीला येते. तिथून मागे मोजू. गाजराला ९० ते १०० दिवस, म्हणजे ५ ते १५ ऑक्टोबर. ते ज्यांनी पेरलं त्यांचं ठीक, आता पेरलेलं फेब्रुवारीत निघेल. हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांना ८० ते ९० दिवस, तेही ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उंच वेलाचा पावटा दिवस लहान झाल्यावर फुलतो, पण वेल वाढायला आधी वेळ हवा, म्हणून त्याचं बी ऑगस्ट-सप्टेंबरात पडायला हवं. कोकण भूषणसारखा बुटका वाल ऑक्टोबरात चालतो. वांग्याचं रोप ऑक्टोबरअखेर जमिनीत हवं.

अजून हातात आहे तो वाटाणा. अर्केल जातीचा ६० ते ६५ दिवसांत येतो, म्हणजे याच आठवड्यात पेरायचा. दाणे रात्रभर भिजवा, १२ इंची कुंडीत सहा, दीड इंच खोल. रोप बोटभर झालं की लगेच काटक्या रोवा, तणावे धरायला काही मिळालं नाही तर वेल एकमेकांत गुंततात. भाजीत घालायला कांदापात हवी असेल तर कोंब आलेले छोटे कांदे १ डिसेंबरच्या आसपास लावा. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून एक इंच खोल, तेव्हाच. चाकवत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

हरभऱ्याचं राहिलंच. रोपं महिन्याची झाली की शेंडे खुडा. भाजीही होते आणि फांद्याही फुटतात. फुलं आल्यावर खुडू नका.

वऱ्हाडी_वांगं | ३ डिसेंबर, सकाळी ६:५५

विदर्भातून. इथे पारा रात्री ८-१० अंशांवर येतो, निफाडकडचे मित्रही याच्या खालचे आकडे बघतात. कोबी, फ्लॉवर, वाटाण्याच्या पाल्याला, मेथी-पालकाला ही थंडी मानवते. टोमॅटो, वांगी, मिरचीला नाही. रात्रीचं तापमान १० ते १२ अंशांच्या खाली राहिलं की टोमॅटोचं फूल फळ न धरता गळतं. झाड निरोगी दिसतं म्हणून लोक औषधं मारत बसतात. चार दिवस थंडी ओसरली की फळ आपोआप धरतं.

करायचं काय? थंडीची लाट सांगितली असेल त्या दिवशी दुपारीच पाणी द्या, ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. कुंड्या पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवा, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. वरून जुनी सुती साडी किंवा १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम) क्रॉप कव्हर काठ्यांवर ताणा, पानाला चिकटू देऊ नका. सकाळी आठला काढा. प्लॅस्टिकचा कागद नको, आत पाणी साचतं आणि दोन दिवसांत करपा येतो.

एरवी हिवाळ्यात रोज पाणी घालायची सवय मोडा. बोट दोन पेरं मातीत घाला, गार ओल लागली तर पाणी नको. कढीपत्ता तर आता झोपेत आहे. पानं पिवळी पडून गळतील, त्याला खतही नको. फेब्रुवारीअखेर शेंडे छाटून खत द्या.

कोथिंबीरजुडी | ३ डिसेंबर, दुपारी २:४०

तुळस आणि बेसिल यांनाही ही थंडी सोसत नाही, मंजिऱ्या खुडून घराच्या आडोशाला घ्या. पार्सलीची मात्र हीच वेळ. बी चोवीस तास भिजवा आणि तीन आठवडे धीर धरा, ती तेवढा वेळ घेतेच. थाइम, रोजमेरीला निम्मी वाळू असलेली माती आणि छोटी कुंडी. मोठ्या कुंडीतली ओल त्यांना मारते. पुदिना मंदावलाय तर मातीपासून दोन इंचांवर कापून वर बोटभर गांडूळखत पसरा.

नवी_पालवी | २२ डिसेंबर, सकाळी ९:५०

कोबीची पानं चाळणीसारखी झालीत, आणि वालाच्या शेंड्यांवर काळा मावा. मुंग्याही खूप.

रोपवाटिका | २२ डिसेंबर, दुपारी १२:०५

दोन वेगळ्या गोष्टी. कोबीचं पान उलटा आणि बारीक हिरव्या अळीला काडीने डिवचा. वळवळत मागे सरकून धाग्याला लोंबकळली तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. लहानपणी ती पानाचा खालचा भाग खाते आणि वरचा पापुद्रा ठेवते, त्यामुळे पानाला काचेच्या खिडक्या पडल्यासारखं दिसतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिसची (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पूड लिटरला एक ते दोन ग्रॅम, सूर्य कलल्यावर, पानाच्या खालून फवारा. उन्हात ती निकामी होते. आठवड्याने पुन्हा. पुढच्या वर्षी कोबीच्या पंधरा दिवस आधी दोन कुंड्या मोहरी पेरा, पतंग अंडी घालायला आधी मोहरीवर जातो.

माव्याला आधी नुसत्या पाण्याचा जोरकस फवारा, सकाळी, तीन दिवस लागोपाठ. मग निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर थोड्या पाण्यात, सकाळी फडक्याने पिळून एक लिटर करा, वर एक-दोन ग्रॅम साबणाचा चुरा. कोबीचं पान मेणचट असतं, साबण नसेल तर थेंब घरंगळून जातात. फवारल्यावर चार-पाच दिवस भाजी काढू नका, कडू लागते. मुंग्या माव्याच्या गोड स्रावासाठी येतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावतात, म्हणून वालाच्या बांबूला बुडाशी चिकटपट्टी गुंडाळा.

ढालकिड्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसते. तिला कीड समजून मारू नका. एक अळी दिसली तरी त्या फांदीवर अर्क मारायचं थांबवा.

मांडवीकाठ | १९ जानेवारी, रात्री ९:२०

वाटाण्याच्या पानांवर पिठूळ पांढरं येतंय, खालून वर.

वऱ्हाडी_वांगं | २० जानेवारी, सकाळी ७:१०

भुरी. उशिरा पेरलेल्या वाटाण्याला ती गाठतेच. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर. तुमच्याकडे दुपारी पारा ३२ च्या वर जात असेल तर गंधकाने पानं भाजतात, तेव्हा गोव्यात मी तरी ते टाळीन. खालची रोगट पानं काढून वेल मोकळा करा, भरलेल्या शेंगा तोडून घ्या आणि वेल उपटून टाका. तो कंपोस्टमध्ये नको.

परसदार | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:००

दुपारचं ऊन चटका देतंय. आता मेथी-पालकाचा शेवटचा ट्रे, तोही दुपारच्या सावलीत. कोबी तयार असेल तर आजच कापा. कोरडी पडलेली माती एकदम भिजली की तो तडकतो. लगेच कापायचा नसेल तर कोबीचा गड्डा दोन्ही हातांत धरून पाव वळसा फिरवा. थोडी मुळं तुटतात, पाणी कमी चढतं आणि आठवडाभर निभावतं.

बियांसाठी मेथीची पाच-सहा आणि धन्याची दहा रोपं राखून ठेवा. शेंगा आणि गोंडे तपकिरी झाले की झाडासकट कापून कागदी पिशवीत उलटी टांगा. संकरित टोमॅटोचं किंवा कोबीचं बी धरू नका, पुढच्या पिढीत तसं फळ येत नाही. वाटाणा जिथे होता त्या कुंड्यांतली मुळं उपटू नका, वरून कापा आणि त्यातच भेंडी-गवार टोका.